मूल खात नाही, यात दोष कोणाचा?

पेरणी होऊन आठ दिवस झाले आणि उगवण विरळ दिसली, तर जाणता शेतकरी बियाण्याला बोल लावीत बांधावर बसत नाही. वाफसा होता की नव्हता, बी किती खोल पडले, पाखरांनी टिपले की वाळवीने खाल्ले, याचा तो शोध घेतो व त्याप्रमाणे पुढचा उपाय योजतो. हाच शेतकरी संध्याकाळी घरी येतो, तीन वर्षांचे मूल मेथीच्या भाजीचा घास तोंडातून काढून जमिनीवर टाकताना पाहतो, आणि क्षणाचाही विचार न करता निकाल देतो, "पोरगं हट्टी आहे." पिकाच्या बाबतीत जो इतका विचारी, तो मुलाच्या बाबतीत इतका उतावळा का व्हावा, हे समजणे कठीण आहे.

मुलाच्या खाण्यापिण्याच्या खोडी जन्मतः येतात, असा समज खेड्यात व शहरात सारखाच पसरलेला आहे. त्यात थोडे तथ्य आहे, परंतु फार थोडे. भाजी नको, भाकरी नको, वरण नको, फक्त पुड्यातले हवे, असे म्हणणारे मूल बहुतांशी घराच्या रीतीतून घडते. ही रीत एकट्या आईने पाडलेली नसते. आजोबांचा खिसा, वडिलांचे ताट, शेजारचे दुकान आणि दिवसभराचे वेळापत्रक या सर्वांचा तीत वाटा असतो. म्हणून सुधारणाही साऱ्या घरानेच केली पाहिजे.

बदललेला मुलूख

पवना व इंद्रायणी या नद्यांच्या खोऱ्यांतील पिंपरी-चिंचवड व चाकणचा परिसर हा मुळात शेतकऱ्यांचा मुलूख. ज्वारी, बाजरी, हुलगा, हरभरा, भुईमूग ही येथील जुनी पिके. पश्चिमेस मावळात भात आणि डोंगरउतारावर नाचणी. चाकणचा बाजार कांद्यासाठी नाव मिळवून आहे. पिंपरीस १९५४ साली सरकारी मालकीचा पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला. त्यास जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य लाभले होते. पुढे एकामागून एक कारखाने आले, १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि आता चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या बाजूस मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने दाट वसले आहेत.

पेनिसिलिनने न्यूमोनियासारख्या रोगांतून असंख्य बालके वाचविली. परंतु मुलाला पालेभाजी गोड लागावी असे इंजेक्शन कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ते काम घरातच व्हावे लागते, आणि नेमके घरच या मुलुखात झपाट्याने बदलले आहे. कोणाची जमीन गेली व हाती रोख पैसा आला. कोणाची जमीन राहिली, पण घरातील तरुण माणसे पाळीवर कामाला जाऊ लागली. दूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे भोसरी, चिखली, मोशी, चाकण येथे एका खोलीत भाड्याने राहू लागली. आई सकाळी सातच्या पाळीस निघते आणि मूल आजीच्या किंवा शेजारणीच्या हवाली होते. गल्लीच्या तोंडाशी दुकान असते, व दुकानाच्या दारात रंगीत पुड्यांच्या माळा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लटकत असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांपैकी सुमारे ६९ मुलांमध्ये रक्तक्षय दिसला. इतकी मोठी संख्या केवळ अन्नाच्या तुटवड्याने होत नाही. ज्या घरात कणगी भरलेली आहे त्या घरातील मूलही यात असू शकते.

भूक कोठे जाते?

पाळीहून परतलेली सून आणि सासू यांच्यात पुष्कळ घरांत होणारे संभाषण असे असते.

"सूनबाई, पोरानं आज भाकरीला तोंडसुद्धा लावलं नाही बघ."

"आत्याबाई, सकाळपासून त्यानं खाल्लं तरी काय?"

"कुठं काय? नुसता चहा-टोस्ट. मग रडाय लागला म्हणून बिस्किटाचा पुडा. आन दुपारी त्याच्या आज्यानं वेफर आणून दिले, तेवढंच."

आजीचे बोलणे खोटे नाही. तिच्या लेखी चहा, बिस्किटे व वेफर हे जेवण नव्हेच. म्हणून मुलाने काही खाल्ले नाही. परंतु मुलाचे पोट लहान असते. त्याच्या लेखी तेच जेवण झाले. गोडाने व तळलेल्या पदार्थाने भूक मरते, आणि ताट समोर येते तेव्हा मूल तोंड फिरवते. आपण ज्याला हट्ट म्हणतो तो पुष्कळ वेळा भरल्या पोटाचा नकार असतो.

चहाचा दोष आणखी एक आहे. चहातील तुरट द्रव्य धान्य व पालेभाजीतील लोह शरीरात शोषू देत नाही. ज्या वयात रक्तक्षयाचे प्रमाण इतके आहे, त्या वयात बशीभर चहा देऊन मुलाचे लाड करणे हे प्रेमाचे काम असले तरी हिताचे नाही. दुधाचीही अशीच गोष्ट आहे. दूध उत्तम अन्न आहे. परंतु दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या दीड-दोन वर्षांच्या मुलाला भाकरी-वरणाची भूक राहत नाही, आणि दुधात लोह अत्यल्प असते. "दुधावर आहे, काळजी नाही" हे म्हणणे म्हणूनच फसवे आहे.

शेतकऱ्याने येथे हिशोबाची वही उघडावी. पाच रुपयांचे दोन पुडे दररोज आले, तर वर्षाचे ३,६५० रुपये होतात. तेवढ्या पैशांत मुलासाठी अंडी, शेंगदाणे, गूळ व हंगामी फळे किती येतील, हे बाजारात विचारून पाहावे. पुडा स्वस्त आहे हा भ्रम आहे. तो फक्त थोडा-थोडा विकला जातो.

हट्ट म्हणण्यापूर्वी वजन

यावर एक घाईचा उपाय सुचविला जातो. "उपाशी ठेवा, भूक लागली की आपोआप खाईल." धडधाकट मुलाच्या बाबतीत दोन जेवणांमधील खाणे थांबविणे योग्यच आहे. परंतु प्रत्येक न खाणारे मूल धडधाकट नसते. जंत, रक्तक्षय, वारंवारचा ताप, तोंडातील फोड, कानाचे दुखणे यांनीही भूक मंदावते. अशा मुलाला हट्टी ठरवून उपाशी ठेवणे हा अपराध होईल.

यास्तव पहिले पाऊल वजनकाट्याकडे पडले पाहिजे. अंगणवाडीत दरमहा मुलाचे वजन घेऊन वाढीच्या तक्त्यावर खूण करतात. ती रेषा वर जात असेल, मूल खेळते-बागडते असेल, तर त्याने एका वेळी भाजी नाकारली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्माच्या वेळच्या सुमारे तिप्पट होते; दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोनेच वाढते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. हा निसर्गक्रम ठाऊक नसल्याने पुष्कळ आया दीड वर्षाच्या मुलामागे वाटी घेऊन धावत असतात.

परंतु रेषा आडवी झाली अथवा खाली उतरली, तर विलंब करू नये. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटीमीटरहून कमी असेल तर ते मूल कुपोषणाच्या छायेत आहे, आणि ११.५ सेंटीमीटरहून कमी असेल तर ते तीव्र कुपोषित आहे, असे समजून त्यास आरोग्य केंद्रात नेले पाहिजे. एक वर्षावरील मुलांना जंतनाशक गोळी, तसेच सहा महिन्यांवरील मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध आशा व अंगणवाडी यांच्यामार्फत मिळते. ते नियमाने घेतले जाते की कपाटात पडून राहते, याची चौकशी गावकार्यकर्त्याने अवश्य करावी.

जबरदस्ती आणि आमिष

मुलाने खावे म्हणून घरोघर दोन हत्यारे वापरली जातात. एक धाक, दुसरे आमिष. नाक दाबून घास भरविणे, बागुलबुवाची भीती घालणे, पाठीत धपाटा देणे हे पहिले. "भाजी संपव, मग चॉकलेट देते" हे दुसरे. अलीकडे तिसरेही आले आहे. मुलाच्या हाती मोबाइल द्यायचा, आणि त्याचे डोळे चित्रांत गुंतले की घास आत लोटायचे. त्याने पोट भरते खरे. पण आपण काय खाल्ले, पोट केव्हा भरले, याचे भान मुलाला येत नाही.

धाकाने खाल्लेला पदार्थ मुलाच्या मनात शत्रू म्हणून बसतो. आमिषाचा परिणाम त्याहून विचित्र होतो. अमेरिकेतील लीन बर्च या संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एखादे पेय प्यायल्याबद्दल ज्या मुलांना बक्षीस दिले, त्यांना ते पेय पुढे पूर्वीपेक्षा कमी आवडू लागले. यात नवल नाही. ज्या कामासाठी बक्षीस द्यावे लागते ते काम वाईटच असले पाहिजे, हा मुलाचा तर्क बिनचूक आहे. भाजी ही शिक्षा व चॉकलेट हे बक्षीस, असा धडा घरानेच दिल्यावर मुलाने वेगळे का शिकावे?

काऊचा घास व चिऊचा घास ही आपल्या आजीबाईंची जुनी रीत मात्र या दोहोंत मोडत नाही. तीत मूल आजीकडे पाहते, ताटाकडे पाहते, हसते व तोंड उघडते. त्यात खेळ आहे, सक्ती नाही. ती रीत मोबाइलच्या पायी मोडू देऊ नये.

मोठ्यांचे काम, मुलाचे काम

मग करावे काय? एक साधी वाटणी ध्यानात ठेवावी. काय वाढायचे, केव्हा वाढायचे व कोठे बसून जेवायचे, हे मोठ्यांनी ठरवावे. वाढलेल्यातून खायचे की नाही व किती खायचे, हे मुलाला ठरवू द्यावे. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेला हा नियम आज अनेक देशांत बालआहाराचा आधार मानला जातो. आपल्याकडे नेमके उलट घडते. काय खायचे ते मूल रडून ठरविते, आणि किती खायचे ते आई ओरडून ठरविते.

मुलाला मोकळीक दिली तर ते भलतेच खाईल, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर जुने आहे. क्लारा डेव्हिस या डॉक्टर बाईंनी अमेरिकेत नुकत्याच अंगावरून तुटलेल्या बालकांवर एक प्रयोग केला व त्याची पहिली हकीकत १९२८ साली प्रसिद्ध केली. दूध, अंडी, मांस, धान्ये, भाज्या, फळे असे साधे पदार्थ बालकांसमोर मांडले जात. परिचारिका गप्प बसे, कोणताही पदार्थ सुचवीत नसे व आग्रह करीत नसे. मुलांनी आपल्या मर्जीने, एके दिवशी हे तर दुसऱ्या दिवशी ते, असे खाल्ले आणि ती उत्तम वाढली. मात्र त्या पदार्थांत साखर नव्हती, मैद्याचे पक्वान्न नव्हते. निवड मुलाची होती, परंतु यादी मोठ्यांची होती. वासराला मोकळे सोडावे, पण कोणत्या कुरणात सोडावे हे गुराख्याने ठरवावे, असाच याचा अर्थ.

व्यवहारात याचा क्रम सोपा आहे. तीन वेळची जेवणे व मध्ये दोनदा ठरावीक वेळी थोडे खाणे, एवढे मुलास पुरे. या वेळांच्या मध्ये पाण्याखेरीज काही देऊ नये. ताटात प्रत्येक पदार्थ थोडाच वाढावा. वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक मोठा चमचा भाजी, हे प्रमाण आरंभास योग्य होय. मुलास ओळखीचा व आवडीचा एक पदार्थ ताटात नेहमी असावा, म्हणजे नव्या पदार्थाची भीती वाटत नाही. अर्ध्या तासात जेवण आटोपावे. मुलाने ताट दूर सारले तर निमूटपणे उचलावे, आणि पुढच्या वेळेपर्यंत दुकानाची वाट धरू नये. हे शेवटचे कलम सर्वांत अवघड आहे, कारण त्यात रडणे ऐकावे लागते. पण तीन-चार दिवस घरातील सर्व माणसे एका शब्दावर राहिली, तर रडण्याचा जोर ओसरू लागतो. आई नाही म्हणते व आजोबा मागील दाराने पुडा देतात, अशा घरात मात्र तो महिनोन्महिने टिकतो.

पंधरा वेळा तरी

नव्या चवीविषयी संशय हा दोन ते सहा वर्षांच्या मुलाचा स्वभावच आहे. हिरवी पाने कडसर लागतात, आणि कडू चव नाकारणे हे निसर्गाने बालकाला दिलेले संरक्षण असावे. हा संशय ओळखीने जातो, उपदेशाने जात नाही. लीन बर्च यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांविषयी दाखवून दिले की, एखादा पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखला, तितका तो अधिक आवडू लागतो. दहा ते पंधरा वेळा चव घेतल्यावाचून मुलाला एखादी भाजी आवडत नाही असे म्हणू नये, हा यातून निघणारा धडा. पुष्कळ घरांत तिसऱ्या नकारानंतर ती भाजी मुलाच्या ताटातून कायमची बाद होते.

ही ओळख अंगावरच्या दुधापासून, किंबहुना गर्भातच सुरू होते. अमेरिकेतील एका प्रयोगात, ज्या आयांनी गरोदरपणी अथवा बाळ अंगावर पीत असताना गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीचे अन्न अधिक आनंदाने घेतले. पुणे जिल्ह्यातीलच उदाहरण याहून मोलाचे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या स्त्रियांच्या आहारात पालेभाज्या व फळे वारंवार होती, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली आढळली. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या सुनेच्या ताटात भाजी आहे की नाही, हा प्रश्न म्हणून बाळाच्या जन्मापूर्वीच विचारला पाहिजे.

मुलाला ओळख होते ती पाहून पाहून. वडील स्वतः कांदा व ठेचा घेऊन भाजी बाजूस सारतात आणि मुलाला मात्र "भाजी खा" म्हणतात, त्या घरात भाजीला प्रतिष्ठा कशी यावी? पाळीमुळे सर्वांना दोन्ही वेळा एकत्र जेवता येत नसेल, तर निदान एक वेळ ठरवावी. लहान मूल बरोबरीच्या मुलांकडे पाहून त्याहूनही लवकर शिकते. घरी उसळ नाकारणारे मूल अंगणवाडीच्या पंगतीत तीच उसळ मागून घेते, हा सेविकांचा नित्याचा अनुभव आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेथे मिळणारा गरम आहार हा केवळ पोटास आधार नाही. ती चवीची शाळा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले व पुढे मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. मूल भाजीकडे येत नसेल तर भाजीने मुलाच्या अंगणात जावे, असाच धडा त्यातून घेता येईल.

घरचेच पदार्थ

मुलाला आवडावे म्हणून महागडी चूर्णे किंवा डब्यातील अन्न आणण्याची गरज नाही. या मुलुखाच्या स्वयंपाकघरात लहान हातांना धरता येतील असे पदार्थ पूर्वीपासून आहेत. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे करताना मुलाच्या हाती पिठाचा गोळा द्यावा. स्वतः वळलेले शेंगोळे मूल सहसा टाकत नाही. बाजरीच्या भाकरीत मेथी किंवा तांदुळजा बारीक चिरून मळावा व रुपयाएवढ्या लहान भाकऱ्या थापाव्या. मोड आलेली मटकी मऊ शिजवून तीवर लिंबू पिळावे; लिंबाने चव येते व लोहही अधिक शोषले जाते. नाचणीची गूळ घातलेली खीर, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणा-गुळाचा कुटलेला लाडू हे दोन जेवणांमधील खाण्यास उत्तम. अख्खे शेंगदाणे व फुटाणे मात्र चार-पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करूनच द्यावे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी तांदळाचा मऊ भात, त्यावर घट्ट वरण, तूप व शेवग्याच्या शेंगेचा गर हे दीड वर्षाच्या बाळाचे पूर्ण जेवण होय. ज्या घरात अंडी चालतात तेथे रोज एक उकडलेले अंडे द्यावे.

बाजरीच्या बाबतीत शेतकऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. लोहाचे प्रमाण अधिक असलेला 'धनशक्ती' हा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहभागाने विकसित होऊन २०१४ साली देशभरासाठी प्रसारित झाला. घरच्या खाण्यापुरती बाजरी पेरताना अशा वाणाचा विचार व्हावा. मुलाच्या रक्ताची चिंता पेरणीच्या वेळीच करता येते.

घरासाठी एक वाफा

या भागातील भाजी पहाटे जुड्या बांधून बाजारात जाते. त्यात गैर काही नाही. त्यावर घर चालते. परंतु चांगली जुडी बाजाराला आणि मोडकी जुडी घराला, व पुष्कळदा तीही नाही, ही रीत मुलांच्या मुळावर येते. भाजी पिकविणाऱ्याच्याच मुलाला भाजीची ओळख नसावी, यासारखी दुसरी विसंगती नाही.

म्हणून विहिरीजवळ किंवा न्हाणीच्या पाण्यावर एक वाफा घरासाठी राखावा, व तो मुलाच्या नावाचा म्हणून ओळखावा. मेथी महिन्याभरात काढणीस येते, पालकही फार वाट पाहावयास लावीत नाही. बांधावर शेवग्याची दोन झाडे, एक पपई, एक लिंबू. बी टाकताना, पाणी घालताना, पाने खुडताना मूल सोबत असावे. जी भाजी त्याने उगवताना पाहिली, तिच्याविषयी त्याचा संशय निम्मा गळतो. या वाफ्यावर कीटकनाशकांचा फवारा नको.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबालाही हे अगदी अशक्य नाही. फुटक्या घमेल्यात किंवा गोणीत मेथी व कोथिंबीर येते. मात्र औद्योगिक पट्ट्यात एक सावधगिरी हवी. रसायने किंवा रंग साठविलेले जुने पिंप व डबे भंगारात स्वस्त मिळतात. ते भाजीसाठी वा पाणी साठविण्यासाठी कदापि वापरू नयेत. कारखान्याचे सांडपाणी मिसळणाऱ्या ओढ्याचे पाणीही या वाफ्याला देऊ नये.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावकार्यकर्ते पुष्कळदा आयांना जमवून आहारावर व्याख्यान देतात. आई ऐकते, मान हलविते, आणि घरी जाऊन तिला कोणाचेच सहकार्य मिळत नाही. दोषाचे गाठोडे मात्र तिच्या डोक्यावर वाढते. पाळीवर काम करून आलेल्या, स्वतः रक्तक्षयाने थकलेल्या बाईला "तुम्ही मुलाकडे लक्ष देत नाही" असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यापेक्षा कार्यकर्त्याने आजी-आजोबांची सभा घ्यावी. पुडा हे प्रेम नसून भुकेचा चोर आहे, हे त्यांना मुलाच्या वजनाचा तक्ता दाखवून समजावे. खाऊ द्यावासा वाटणे हा आजोबांचा हक्कच आहे. तो खाऊ गूळ-शेंगदाण्याचा लाडू, केळे, पेरू किंवा बोरे असा असावा, एवढीच विनंती करावी. पुरुषांच्या बैठकीत पीकपाण्याबरोबर मुलाच्या ताटाचाही विषय काढावा. कृषी खात्याच्या माणसाने अंगणवाडीस बियाणे व रोपे मिळवून द्यावीत, आणि सेविकेने परसबागेतील भाजी त्याच दिवशी पंगतीत वाढावी. दुकानदारासही भेटावे, पुड्यांच्या माळा मुलाच्या हाती येणार नाहीत इतक्या उंच टांगणे त्यास जड जाणार नाही.

गरिबीचा प्रश्न या उपायांनी सुटत नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्या घरात दोन वेळच्या भाकरीची भ्रांत आहे, तेथे चोखंदळपणाची चर्चा करणे क्रूरपणाचे होईल. तेथे धान्य, रोजगार व अंगणवाडीचा हक्काचा आहार पोहोचणे हेच पहिले काम. परंतु ज्या हजारो घरांत धान्य आहे, भाजी आहे, दूध आहे, आणि तरीही मूल फिके व किरकिरे आहे, तेथे अडले आहे ते रीतीपाशी. रीत बदलण्यास सरकारी मंजुरी लागत नाही.

या हंगामात प्रत्येक घराने मुलाच्या नावाचा एक वाफा पेरावा, दोन जेवणांमधील पुडा बंद करावा, आणि दिवसातून एकदा तरी मुलाच्या शेजारी बसून तीच भाजी स्वतः खावी. मुलाने ती पहिल्या दिवशी थुंकून टाकली तर रागावू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा चमचाभर वाढावी, तिसऱ्या दिवशीही वाढावी. उगवणीची वाट पाहण्याचा धीर शेतकऱ्यापाशी असतोच. तेवढाच धीर त्याने ताटावर बसलेल्या आपल्या लेकराला द्यावा.